गाणं संपेपर्यंत

शेवटच्या ॲप्रनचा खिसा बसवून मी आतल्या खोलीत डोकावले, तर खाटेवर फोन एकटाच गात होता. बॉबिन नव्हती.

बॉबिन म्हणजे माझी चार वर्षांची लेक. चालायला लागल्यापासून मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी गरागरा फिरते, म्हणून शिलाईवालीच्या घरात पडलेलं हे नाव. सुई-कात्रीपासून तिला लांब ठेवायला मी फोन द्यायचे. गाणं ऐकू येतंय म्हणजे पोरगी जागेवर आहे, असं धरून दवाखान्याचे ॲप्रन शिवत बसायचे. डोळे कापडावर, कान गाण्यावर. तिचे बाबा म्हणायचे, "अगं, दिवसाला एक तास पुरे." मी म्हणायचे, "मग तुम्ही बसा घरी आणि सांभाळा."

"बॉबिन!" उत्तर नाही.

न्हाणीघर पाहिलं. पाण्याच्या पिंपाचं झाकण काढून तळापर्यंत हात घातला. काही लागलं नाही, तरी पुन्हा घातला. मग बाहेरच्या दाराकडे लक्ष गेलं. कडी काढलेली होती. आधीचे तयार ॲप्रन न्यायला मघाशी माणूस येऊन गेला, त्याच्यामागे मी ती लावलीच नव्हती.

तीन जिने कशी उतरले, मला आठवत नाही. खाली इस्त्रीवाले काका होते.

"काका, आमची पोरगी दिसली का हो?"

"नाही गं बाई. कधीपासून नाहीये?"

काय सांगणार? गाणं दोन तास चालू होतं. त्यात ती कधी उठली, हे मला, तिच्या आईला, ठाऊक नव्हतं. "आत्ताच," मी म्हटलं.

काका इस्त्री उभी करून कोपऱ्याकडे धावले. तिथून ट्रक वळतात. मी तिच्या बाबांना फोन करायला परत वर आले, सगळा वेळ तिला हाका मारत. फोन उचलला, तर पडद्यावर ससा नाचतोय. कितीही बोटं फिरवली तरी तो हटेचना. शेवटी कडेचं बटण दाबून धरलं आणि फोन बंदच पडला. घर एकदम शांत झालं.

"आई, आता बोलू?"

आवाज मशीनखालून आला. मी कापडाचा ढीग ओढून काढला. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बॉबिन बसली होती.

मी तिला छातीशी धरलं आणि तशीच खिडकीतून ओरडले, "काका, सापडली!" मग मला रडू फुटलं.

"इतक्या हाका मारल्या, ओ का नाही दिलीस गं?"

"तूच सांगितलंस ना, गाणं संपेपर्यंत आईशी बोलायचं नाही."

सांगितलं होतं. पण त्या फोनवर एक गाणं संपायच्या आत दुसरं लागतं.

"मग इथं कशाला आलीस?"

"मी रोज इथंच बसते."

मी तिच्यासमोर फरशीवर बसले. "बोल. काय बोलायचं होतं?"

तिनं आधी माझ्या हातातला फोन वळवून पाहिला. पडदा काळा होता. तरी तिनं तो कानाला लावला. मग माझ्या पायाकडे बोट दाखवलं.

"तुझ्या टाचेतून रक्त येतंय. काल पण येत होतं."