खलनायकाच्या घरातली बुटकी खिडकी

रूबेनने सुरीचे पाते गालिच्याखाली सरकवले, कोपरा उचकटला आणि दोन्ही हातांनी मागे ओढला. गुलाबी लोकरीखालून काळा कोबा निघाला. वर्षानुवर्षे झाकून राहिल्यामुळे त्याची चकाकी शाबूत होती. रूबेन गुडघ्यांवरच राहिला आणि दारात उभ्या असलेल्या म्हातारीकडे बघून हसला.

"आहे, बाई. जसाच्या तसा आहे."

वर्ना लिंडक्विस्ट काठी टेकत आत आल्या. वाकणे त्यांना जमत नव्हते, म्हणून त्यांनी चप्पल काढली आणि उघडा तळवा कोब्यावर ठेवला.

"सात दिवस पाणी मारलं होतं त्याला. त्याला काय होणार," त्या म्हणाल्या. पण पाऊल तिथून उचलायला त्यांना बराच वेळ लागला.

लॉस एंजेलिसच्या टेकडीवरचे हे घर वास्तुविशारद वर्नाबाईंनी १९४८ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, स्वतःच्या संसारासाठी बांधले होते. काँक्रीट, काच आणि दरीवर तरंगत गेलेला लांबलचक दिवाणखाना. चार वर्षांत संसार मोडला आणि घर विकावे लागले. दुसरे घर बांधायला त्यांना कुणी दिले नाही. पुढची तीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या कचेरीत बसून इस्पितळांच्या जिन्यांचे नकाशे काढले. घराचे मालक बदलत राहिले आणि प्रत्येकाने त्याला माणसात आणण्याचा प्रयत्न केला. कुणी गालिचे अंथरले, कुणी झालरीचे पडदे लावले, कुणी झुंबर टांगले. आताचे मालक दातांचे डॉक्टर होते. तीन आठवड्यांसाठी घर सिनेमावाल्यांच्या हवाली करून ते सहकुटुंब हवाईला गेले होते. काय हवे ते काढा, मात्र जाताना गालिचा होता तसा अंथरून द्या, एवढीच त्यांची अट होती.

सिनेमात हे घर याआधी तीनदा दिसले होते आणि तिन्ही वेळा त्यात खलनायक राहत होता. एकदा तस्कर, एकदा रोग्यांना लुबाडणारा सर्जन, एकदा विषारी वायू विकणारा जनरल. या खेपेला शस्त्रांचा व्यापारी होता. फरक इतकाच, की कलादिग्दर्शक रूबेन आल्काराझने विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मूळ नकाशे शोधून काढले होते आणि वर्नाबाईंना फोन केला होता. बावन्न सालानंतर या घरावर जे जे चढलं ते सगळं मला उतरवायचंय, तुम्ही समोर उभ्या राहून सांगाल का, असे त्याने विचारले होते. वर्नाबाई तेव्हापासून नीट जेवल्या नव्हत्या. आज सकाळी सहालाच त्या कोट घालून आपल्या घराच्या दारात बसल्या होत्या.

त्यांना गाडीतून आणले होते त्यांच्या मुलीने, थेआने. थेआ शाळेत परिचारिका होती, पन्नाशी ओलांडलेली. पलीकडच्या खोऱ्यात तिचे लाकडी घर होते, पुढे ओसरी आणि ओसरीवर झोपाळा. या घरात ती वयाच्या दुसऱ्या वर्षापासून सहाव्यापर्यंत राहिली होती. तिला त्यातले आठवत होते ते फक्त पायांना लागणारे गार आणि आईवडिलांची भांडणे. दारे कमी असल्यामुळे शब्द न् शब्द ऐकू यायचा.

"चांगल्या माणसाच्या घराला ओसरी असते, आई," गालिच्याची गुंडाळी बाहेर जाताना बघून ती म्हणाली. "तुझ्या या घरात पडद्यावर एक तरी भला माणूस राहिलाय का?"

"मी राहिले होते."

"तेच म्हणतेय मी."

रूबेन खळखळून हसला. वर्नाबाईही हसल्या, पण थोड्या उशिरा.

दुपारपर्यंत घर कात टाकत गेले. पडदे उतरले तशी दरी एकदम आत आली. झुंबर खाली आले. खोटे छत निघाले आणि वरची काँक्रीटची तुळई दिसली, तिच्यावर साच्याच्या फळ्यांच्या रेघाही होत्या. वर्नाबाई खुर्चीवर बसेनात. त्या कामगारांच्या मागे मागे फिरत होत्या, काठीने दाखवत होत्या. एकदा तर त्यांनी सुताराच्या हातातला हातोडाच मागितला.

जेवताना रूबेनने थेआला त्याची गोष्ट सांगितली. शहराच्या पूर्वेला दोन खोल्यांत ते आठ जण राहायचे. अकरा वर्षांचा असताना त्याने थिएटरात हे घर पाहिले, त्या सर्जनचे. नायक कोण होता, गोळी कुणाला लागली, काही आठवत नव्हते. एवढेच आठवत होते की या माणसाला स्वतःची खोली आहे आणि खोलीत आभाळ आहे.

"नायकाला घर लागतच नाही हो," तो म्हणाला. "तो सारखा धावत असतो. घराचा विचार करायला उसंत असते ती वाईट माणसालाच. मला त्या दिवशी वाईट माणूस व्हायचं होतं. नाहीच जमलं, म्हणून मी त्याची घरं बांधतो."

थेआने हातातले सँडविच खाली ठेवले आणि पहिल्यांदाच दिवाणखान्यावर लांबवर नजर फिरवली.

जेवणानंतर वर्नाबाई मागच्या बोळात गेल्या आणि जमिनीलगत काठीने भिंत ठोकू लागल्या. एका जागी आवाज पोकळ आला. नकाशात इथे एक खूण होती, रूबेनला ती छपाईचा डाग वाटली होती. सुताराने प्लायवूडची फळी काढली. मागे काच होती. हातभर लांब, वीतभर उंच, अगदी जमिनीला टेकलेली खिडकी.

रूबेन पालथाच पडला. उठला तेव्हा त्याच्या हनुवटीला धूळ लागली होती आणि तो भराभर बोलत होता. पकडून आणलेल्या माणसाला खलनायक इथे जमिनीवर आडवा करील, गाल कोब्यावर, आणि डोळ्यांसमोर खाली पसरलेलं अख्खं शहर. दिग्दर्शक वेडा होईल. मग तो थांबला.

"पण बाई, तुम्ही ही कशाला केली होतीत? एवढ्या खाली?"

वर्नाबाईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"घरात दोन वर्षांचं एक माणूस राहायला येणार होतं. बाकीच्या खिडक्या त्याच्या डोक्यावरून गेल्या असत्या."

थेआ बोळाच्या तोंडाशी उभी होती. अशी खिडकी होती हेच मला माहीत नव्हतं, असे तिने नंतर हळूच सुताराला सांगितले.

खिडकीतून आता शहर दिसत नव्हते. बाहेर कण्हेरीची जाळी माजली होती आणि तिच्यामागे शेजाऱ्याच्या गॅरेजची भिंत होती. रूबेनला त्याचे काही नव्हते. त्याने कण्हेरीपुढे काळा रंगवलेला मोठा फळा उभा करवला, वरून आणि बाजूंनी काळे कापड टाकून दिवसाची रात्र केली, आणि फळ्याला भोके पाडून मागे दिवे लावायला माणसे बसवली. भोके कुठे ते वर्नाबाई सांगत होत्या. आताचे शहर नको, तेव्हाचे, असा त्यांचा हट्ट होता. इथे ट्रॅमचा रस्ता, इथे इस्पितळ, इथे काहीच नाही, तिथे तेव्हा संत्र्यांच्या बागा होत्या.

बोळ अंधारला. मागचे दिवे लागले. त्या काचेतून कुणीतरी पाहून सांगायला हवे होते. रूबेन बाहेर फळ्याशी होता आणि वर्नाबाईंना वाकता येत नव्हते.

थेआने बूट काढले. ती आधी गुडघ्यांवर टेकली, मग कुशीवर आणि मग तिने गाल कोब्यावर ठेवला.

बाहेरून रूबेनने दोनदा विचारले, ठीक दिसतंय का.

"लाल राहिला," थेआ म्हणाली.

"कसला लाल?" वर्नाबाईंनी विचारले.

"लाल दिवा होता एक. डावीकडे, खाली. उघडझाप करायचा."

वर्नाबाईंनी भिंतीला हात लावला. त्यांच्या मनातल्या नकाशात लाल दिवा कुठेच नव्हता. त्या आठवत राहिल्या. मग त्यांना बेकरी आठवली, तिच्या गच्चीवरची लाल दिव्याची पाटी आठवली, आणि ती पाटी घर बांधून झाल्यावर वर्षभराने लागली होती हेही आठवले. त्या खिडकीशी त्या स्वतः कधीच आडव्या झाल्या नव्हत्या.

"मी विसरले होते," त्या म्हणाल्या.

"मी त्याच्याबरोबर डोळे मिटायचे," थेआ म्हणाली. तिचा आवाज जमिनीवरून येत होता. "तो विझला की मिटायचे. तुम्ही दोघं तिकडे बोलत असायचात."

बाहेर रूबेनने दिव्यावर लावायच्या लाल जिलेटिनच्या कागदासाठी कुणाला तरी पिटाळले. दिग्दर्शकाचा मदतनीस बोळाच्या दाराशी आला आणि शॉट तयार आहे का, म्हणून विचारू लागला. अजून नाही, लाल यायचाय, असे त्याला बाहेरूनच सांगण्यात आले.

वर्नाबाईंनी काठी भिंतीला टेकवली. मग तळहात भिंतीवरून खाली खाली घसरवत, एकेक गुडघा सांभाळत, त्या जमिनीवर उतरू लागल्या. मदतनीस धावत पुढे आला, पण त्यांनी मान हलवली.

थेआने अंग चोरले आणि शेजारी जागा केली.