पेनड्राइव्ह काढू नये

"हे काय लटकतंय इथे?" असं म्हणत शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी राउटरमधला पेनड्राइव्ह उपसला, आणि बाराही संगणकांवर चाललेले धडे जागच्या जागी थांबले.

राजपालचं तोंड उघडंच राहिलं. तो शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. दोन मिनिटांपूर्वीच तो साहेबांना सांगत होता, की इंटरनेटशिवाय चालणारा हा सगळा प्रकल्प त्याने एकट्याने उभा केला आहे.

तो उभा केला होता वसीमने. वसीम त्या वेळी दाराबाहेर साहेबांचे बूट सांभाळत उभा होता.

वसीम त्रेचाळीस वर्षांचा, कारंजाचा. कामरगावच्या पुढच्या या शाळेत तो चौदा वर्षं कंत्राटी मदतनीस होता. दर अकरा महिन्यांनी नवा आदेश, त्यावर मुख्याध्यापक हरिसिंग सरांची सही. शाळेचं इंटरनेट बंद पडलं तेव्हा भंगारात निघालेला एक राउटर त्याने उचलला. त्यातलं कंपनीचं सॉफ्टवेअर पुसून दुसरं, फुकट मिळणारं घातलं. पण राउटरच्या पोटात जागा केवढीशी. त्यात धडे कुठून मावणार? मग पेनड्राइव्ह लावला आणि राउटरचा सगळा कारभारच त्यावर हलवला. भंगारातलेच तीन राउटर यात जळाले. चौथा चालला. पेनड्राइव्हवर धडे, गोष्टी, बाराखडी आणि ते सगळं फोनवर नि संगणकावर दाखवणारं सॉफ्टवेअर. त्याने वर चिठ्ठीही चिकटवली होती, पेनड्राइव्ह काढू नये म्हणून. तपासणीच्या आदल्या दिवशी राजपालने ती घाण दिसते म्हणून खरवडून टाकली.

"वसीम, जरा वायर पाहून घे रे," हरिसिंग सरांनी आतून हाक मारली.

वसीम आत आला. पेनड्राइव्ह जागेवर लावला, राउटर बंद करून चालू केला. राउटर जागा व्हायला तीन मिनिटं गेली. मग पडदे हलले, धडे सुरू झाले.

"तुम्हाला बरं माहीत?" साहेबांनी विचारलं.

"वायरी-बियरी तोच लावते साहेब," सर म्हणाले. "बाकी सारं राजपालचं."

खिचडी शिजवणारी हिरीबाई तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आली होती. तांड्यावरची, पन्नाशी उलटलेली. दुपारी भांडी घासून झाली, की ती ओट्यावर बसून पोराच्या फुटक्या फोनवर याच राउटरवरची बाराखडी लावायची. वसीम शेजारी बसून सांगायचा. वर्षभरात ती वाचायला लागली होती.

ट्रे टेबलावर ठेवून ती म्हणाली, "साहेब, हे डबडं वसीमभाऊनं बनवलं. मी याच्यावरच वाचाले शिकली."

राजपाल हसला. "असं? मंग हे वाचा बरं." त्याने साहेबांसमोरचा तपासणीचा छापील कागद तिच्या हातात दिला. अक्षरं मुंगीएवढी. हिरीबाईने कागद लांब धरला, जवळ आणला. "ता... तालु..." एवढं म्हणून ती अडली. बाकावरची मुलं खुसखुसली. त्यांत तिचा नातू होता. आधी तो मान खाली घालून बसला; मग सगळे हसतात म्हणून तोही हसला.

"वसीम," हरिसिंग सर म्हणाले, "साहेबायले सांगून दे, खरं काय थे."

नवा आदेश सोमवारी निघणार होता. आदल्या दुपारी हिरीबाईने फोनवर पुरी एक गोष्ट न अडता वाचली होती, तेव्हा वसीम शेजारीच बसला होता.

"राजपाल सरांनी बनवलं, साहेब," तो म्हणाला. "हे बाई अडाणी हाय. तिले काय समजते."

पहिलं वाक्य त्याच्याकडून मागितलं होतं. दुसरं कोणी मागितलं नव्हतं.

हिरीबाईने कागद टेबलावर ठेवला, ट्रे उचलला आणि ती गेली.

साहेबांची गाडी गेल्यावर वसीम स्वयंपाकघराकडे आला. ती खिचडीचा गंज घासत होती.

"बाई, माफ करा. माझी नोकरी..."

"नोकरीचं समजते मले," ती वर न पाहता म्हणाली. "माया नातवासमोर कायले बोल्ले तुमी?"



सोमवारी आदेश निघाला. त्यावर वसीमच्या जागी राजपालचं नाव होतं. "तुयं काय काम हाय आता इथं," सर म्हणाले. "डबडं त चालूच हाय."

वसीम कारंजात एका मोबाइलच्या दुकानात फोनला काच चिकटवायच्या कामाला लागला. दिवाळीनंतर सरांचा फोन आला. पेनड्राइव्ह खराब झाला होता, राजपालला काही जमत नव्हतं.

"काहून जाता?" बायको नसीमने विचारलं. "त्यायनं तुमाले हाकललं ना?"

वसीमने दुकानातून सुट्टी घेतली, नवा पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि तो एसटीत बसला.

शाळेत दुपारपर्यंत त्याने सगळं पुन्हा घातलं. बाराखडी आवाजासकट चालते का, ते दोनदा पाहिलं. राजपालने मोबाइलवरून मान वर केली नाही. मग वसीम ओट्याकडे गेला. तिथे तिशीतली एक अनोळखी बाई तांदूळ निवडत बसली होती.

"हिरीबाई नाई आल्या?"

"थे त गेली ऊसतोडीले, पोरासंग. आता मी हावो, लिलाबाई."

"आणि नातू?"

"त्यालेई नेलं. शाळेत पोट्टे चिडवत होते त्याले, आजीवरून."

वसीम पिशवी ओट्यावर ठेवून टेकला. मग म्हणाला, "तुमाले वाचता येते?"

"नाई."

"फोन असन त दाखवा. जोडून देतो. रोज थोडं थोडं ऐकलं तरी..."

"नको भाऊ." लिलाबाईने ताट स्वतःकडे ओढलं. "हिरीबाईचं काय झालं थे ऐकलं मी."

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. वसीमने पिशवी खांद्याला अडकवली आणि तो फाट्याकडे चालू लागला.