शेंदूर फासलेला तरंगता दगड

भिलाईतल्या कुरुदच्या तलावावर त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धं वैशाली नगर लोटलं होतं. पायरीवर बसलेल्या सागरनाथ महाराजांनी शेंदरानं माखलेला, नारळाएवढा दगड दोन्ही हातांनी उचलला, डोळे मिटून काहीबाही पुटपुटले आणि पाण्यात सोडला. दगड बुडाला नाही. डुलत डुलत तरंगू लागला. बायांनी हात जोडले, पुरुषांनी मोबाईल वर केले.

"बच्चा लोग!" महाराज गरजले, "अंदमानच्या टापूवर, धबधब्याखाली एका पायावर उभा होतो. हा दगड वाहत आला अन् बोलला, बाबा, मुझे भिलाई ले चलो! याचा तुकडा जो गळ्यात बांधेल, त्याला पाणी कधी बुडवणार नाही!"

एवढा समुद्र सोडून दगडाला भिलाईच कशी आठवली, असं वंदनाच्या मनात आलं. जुनवानीच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची. एरवी ती हसून घरी गेली असती. पण तिच्या नवऱ्यानं, हिरालालनं, पुढं होऊन तसलाच एक तुकडा घेतला आणि पोरीच्या, समीक्षाच्या, गळ्यात बांधला. वंदनाचं हसू तिथंच मावळलं.

हिरालालच्या पोलाद प्लांटमधली चार-पाच घरं मिळून पुढच्या आठवड्यात अंदमानला निघणार होती. जंगलातून चालत धबधब्यापर्यंत जायचं, खालच्या डोहात डुंबायचं, मग समुद्रात पोहायचं, हे सगळं समीक्षाला तोंडपाठ होतं. पोहायला मात्र तिला अजून येत नव्हतं. तिचा क्लास सुरू होता. घरी आल्यावर कळलं, हिरालालनं तो बंद करून टाकला होता.

"आता कावून पाहिजे क्लास? महाराजाचा दगड हाय ना गळ्यात."

"मम्मी, मैं तो सीधे झरने के नीचे कूदूँगी!" समीक्षा नाचत म्हणाली. "मले आता लाइफ जॅकेटपण नाही लागत!"

वंदनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिंबू-मिरची, उपास-तापास तिनं या घरात पुष्कळ चालवून घेतलं होतं. हा दगड मात्र पोरीच्या जिवावर उठला होता. तिनं ताईत ओढून काढला आणि सुरीनं शेंदूर खरवडला. आत राखाडी रंग निघाला, आणि छिद्रंच छिद्रं.

"कुठं काम करता तुम्ही?"

"तुले नाही माहीत का? भट्टीवर."

"मंग ओळखा हे."

हिरालालनं तुकडा उजेडात धरला आणि त्याचा चेहरा उतरला. वितळलेल्या लोखंडावर जो मळ येतो, तो स्लॅग. तापलेल्या स्लॅगला पाणी लागलं की तो फसफसून फुगतो आणि निवताना हवा आतच कोंडून ठेवतो. हिरालाल तो रोज पाहत होता.

"स्लॅग हाय," तो पुटपुटला. "पण वंदना, तरंगते तर खरं ना?"

दुसऱ्या दिवशी वंदना वरवंटा घेऊनच तलावावर गेली, मागोमाग हिरालाल.

"महाराज, या वरवंट्याले तुमचा ताईत बांधला हाय. वाचवा त्याले!"

डुबुक! वरवंटा तळाला गेला, ताईतासकट.

"ये तो निर्जीव है!" महाराज ओरडले. "इसमें श्रद्धा कहाँ?"

"तुम्ही तर जिवंत हाय ना? श्रद्धाबी भरपूर. चला, तलावाच्या मधात!"

"आज हमारा जलव्रत है..."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात हिरालालनं तो मोठा दगड उचलून पायरीवर आपटला. राखाडी ठिकऱ्या उडाल्या.

"ओळखा लेकहो! भट्टीतला स्लॅग हाय हा! अन् आपणच त्याच्या पाया पडून राहिलो!"

निम्मी गर्दी प्लांटवालीच. ठिकऱ्या हातोहात फिरल्या, माना खाली गेल्या. महाराज बोचकं आवरू लागले, पण तरण्या पोरांनी वाट अडवून धरली. वंदनाचा राग तरीही निवला नव्हता.

"हा तर लबाडच हाय. पण तुम्ही? दगड कावून तरंगते, एवढंबी कोणी इचारलं नाही! माही पोरगी बुडाली असती, तर यानं म्हटलं असतं, श्रद्धा कमी पडली. अन् तुम्ही मान डोलावली असती!"

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी 'कसं काय?' एवढं विचारा, बाबांनो. खऱ्याला त्या प्रश्नानं काही होत नाही.

दुसऱ्या सकाळी समीक्षा पुन्हा क्लासला गेली. पाण्याच्या काठावर तिचा हात रिकाम्या गळ्याकडे गेला.

"मम्मी, अब मुझे कौन बचाएगा?"

"दगडात हवा होती, म्हणून तो तरंगला. तुह्या छातीतबी हवा हाय. ती धरायची कशी, तेवढं शिकून घे. अन् अंदमानात जॅकेट घातल्याबिगर पाण्यात पाय टाकायचा नाही."

समीक्षानं श्वास भरून घेतला आणि पाण्यावर आडवी झाली. पलीकडे उथळ पाण्यात, कठडा घट्ट धरून, हिरालाल उभा होता. पोहायला त्यालाही येत नव्हतं.