इतिवृत्तात राहून गेलेलं वाक्य

नगरपालिकेत मी इतिवृत्त लिहायचो. सुनावणीत कोण काय बोललं ते नोंदवायचं, अधिकाऱ्यांची सही घ्यायची, फाइल कपाटात ठेवायची. ओढ्याच्या आराखड्यावर एकदा लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. लॉन्ड्रीत इस्त्री करणारी एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "लॉन्ड्रीमागची खोलगट जागा बुजवू नका. ओढा फुगला की पाणी तिथे थांबतं, म्हणून आमच्या घरांत शिरत नाही." जेवणाची वेळ झाली होती. मी लिहिलं, 'इतर किरकोळ सूचना आल्या.'

दुसऱ्या दिवशी ती फाइल बघायला हजर.

"मी किरकोळ का हो?"

"सही झालीय. आता बदलता येत नाही."

"वा! चूक तुमची आणि कुलूप माझ्या तोंडाला?"

वर्षभरात आमचं लग्न झालं. पुढे एकतीस वर्षं भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणायची, "किरकोळ आहे, लिहू नका." फिरायला गेलो की मला ती जागा दाखवायची आणि चपला काढून ओढ्याच्या पाण्यात पाय सोडून बसायची. मी काठावर उभा. कपडे भिजतील म्हणून. आता वाटतं, बसलो असतो तर काय बिघडलं असतं?

तिला जाऊन आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात पुन्हा सुनावणी होती. जुना आराखडा तेव्हा बारगळला होता; आता त्याच जागेवर भराव टाकून गाड्या उभ्या करायची सोय करायची होती. अधिकारी म्हणाले, "जुनं रेकॉर्ड पाहिलंय. या जागेबद्दल एकही हरकत नाही."

मी उठलो. "हरकत होती. मीच लिहिली नाही."

"पुरावा?"

"एकतीस वर्षं ऐकून घेतलंय साहेब, घरी."

लोक हसले. मागून आमच्या आळीतला न्हावी ओरडला, "याहून पक्का पुरावा कुठला आणणार!"

मग मी तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

सुनावणी संपल्यावर इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंकडे गेलो. "काय लिहिलंत, जरा वाचा बरं."

त्यांनी वाचलं, 'एका ज्येष्ठ नागरिकाने दिवंगत पत्नीच्या आठवणी सांगितल्या.'

मी कोणत्या तोंडाने रागावणार?

"सही व्हायचीय ना अजून?"

"व्हायचीय, काका."

"मग खोडा ते. मी सांगतो, तुम्ही लिहा."

बाईंनी उघडलेला डबा बाजूला सारला. पाणी कुठून येतं, किती दिवस थांबतं, कुणाची घरं वाचतात, सगळं लिहून घेतलं. अधिकाऱ्यांनी दोनदा वाचलं आणि निर्णयाआधी जागेची पाहणी करायचं ठरवलं.

"जागा दाखवायला कुणाला बोलावू?" बाईंनी विचारलं.

ती गेल्यापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो.

म्हटलं, "माझं नाव घाला."