तीस पावले

मित्रांनो, चोपड्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या उतारावर, एका मोहाच्या झाडापासून तीस पावलांवर उभा असलेला मी एक जुना हद्दीचा दगड आहे. दगडाला भय नसते असा तुमचा समज असेल. तो चुकीचा आहे. उतारावरून धावती पावले ऐकू आली, की मी आजही भितो.

१९०८ साली पाथरवटांनी मला घडवले. इंग्रज सरकार आणि डोंगरापलीकडचे संस्थान यांच्यात हद्दीचा आणि पळून आलेल्यांना परत देण्याचा करार झाला होता. त्याच्या कागदावर माझा आकडा होता. दोन सत्तांचे वचन माझ्या अंगावर कोरले आहे, याचा मला फार अभिमान वाटे.

पायथ्याच्या पाड्यातील लोकांनी मात्र मला देव मानले. गुंताबाई दर अमावास्येला शेंदूर लावी. देव उन्हात करपतो हे तिला पाहवेना. एके वर्षी तिने चारचौघांना जमवले आणि मला उचलून वर मोहाच्या सावलीत नेऊन बसवले. मी सुखावलो. आपण संस्थानाच्या जमिनीत शिरलो, हे मला कळले होते. तरीही मी सुखावलो.

तिचा भाऊ रुपसिंग संस्थानात गाडीवान होता. तेथे त्याला वेठीला धरून रस्त्याची खडी फोडायला लावले. १९२९ च्या वैशाखात तो पळाला. शिपाई मागे होते. धापा टाकीत त्याने मला मिठी मारली, आणि तो थांबला.

“आते मी ह्या हद्दमा शे,” तो म्हणाला. “हात लावू नका.”

“बस, बस,” एक शिपाई हसला. “तुन्हा देव आम्हना पाहुणा शे.”

त्यांच्यापाशी नकाशा होता; त्यात खरी हद्द तीस पावले खाली होती. गलका ऐकून आमच्या बाजूचे पोलीस पाटील झुलाल आबा आले. त्यांनी मला पाहिले, माझ्यावर विश्वास ठेवला, आणि रुपसिंगला सोडवून कचेरीत नेले. बैलगाडीतून पुरावा म्हणून मलाही नेण्यात आले. वाटभर त्याचा हात माझ्यावर होता.

पकड इंग्रज हद्दीत झाली असे ठरते, तर ती बेकायदा ठरून तो सुटला असता. म्हणून मॅजिस्ट्रेटांनी गुंताबाईला एवढेच विचारले, की दगड पहिल्यापासून तेथेच होता का. मी देव नाही, खुशाल खोटे बोल, असे मला ओरडून सांगायचे होते. तिने भावाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“देव समोर शे, साहेब. खोटं कसं बोलू? देवले ऊन लागे, म्हणीसन आम्हीच त्याले झाडखाले नेलं.”

रुपसिंगचे वकील तोताराम नाना तरीही उठले. आता हा मनुष्य येथे आहे, आणि करारानुसार फक्त खुनी व दरोडेखोर परत द्यायचे आहेत. वेठ सोडणारा नव्हे, असे त्यांनी मांडले. मॅजिस्ट्रेटांनी शांतपणे ऐकले.

“करार दोन सरकारांमधला आहे, वकीलसाहेब. हे कलम आपल्या कायद्यात कोठे आहे, ते दाखवा.”

नानांनी पुस्तक उलटेपालटे केले. पळून आलेला मनुष्य परत देण्याची रीत कायद्यात उतरली होती. कोणाला परत देऊ नये, एवढे मात्र करारातच राहिले होते. संध्याकाळच्या आत रुपसिंगला शिपायांच्या हवाली केले. तो पुन्हा दिसला नाही.

मला मूळ जागी चुन्यात पक्के केले. गुंताबाईने पुन्हा शेंदूर लावला नाही.

परवा, १९४७ च्या कार्तिकात, थकलेले झुलाल आबा मला टेकून बसले होते. जवळून मोळी घेऊन जाणाऱ्या गुंताबाईला ते सांगत होते, की संस्थाने जातील, ही हद्दही पुसेल, दिल्लीत नवी राज्यघटना लिहिली जात आहे.

तिने मोळी खाली ठेवली. “त्यामा आपलं लिखतीन का, आबा?”

आबांनी उठून मोळी पुन्हा तिच्या डोक्यावर चढवून दिली.

मित्रांनो, मी गेलो तरी हद्दी राहतील, आणि तुमचा देश इतर देशांना वचने देईल. परक्यांसमोर दिलेले वचन घरच्या कायद्यात उतरले नाही, तर ज्याच्यासाठी ते दिले, त्याला त्याचा काय उपयोग? म्हणून लिहिताना सगळे कलम उतरवा, अर्धे नको. आणि मग मला खुशाल उपटून टाका. उद्या कोणी धावत आला, तर येथे थांब म्हणावे की पुढे पळ म्हणावे, हे मला अजून ठाऊक नाही.