पाटीवर नसलेला माणूस

"वहिनी, नुसती सही करायची आहे. वाचत काय बसलात?" मालक म्हणाले.

मी वाचतच होते. कागदावर लिहिलं होतं की पाण्याखाली पाहुण्यांना फिरवणारा मार्गदर्शक घाईने वर आला आणि पाच मीटरवरचा थांबा त्याने घेतलाच नाही. हा मार्गदर्शक म्हणजे माझा धाकटा दीर. त्या बुडीला आज सहावा दिवस. कमरेखाली त्याला काही कळत नाही.

"थांबा घेतला होता त्यांनी."

"तुम्ही पाण्यात होतात?"

"नाही."

"मग?"

मग काय. माझं काम होडीवर, पाटी लिहिण्याचं. कोण किती खोल जाणार, किती मिनिटं, दोन बुड्यांच्या मध्ये किती वेळ वर बसणार. पहिला नियम, दिवसातली सगळ्यात खोल बुडी आधी, उथळ नंतर. खाली दाबात श्वासातला वायू अंगात मुरतो, तो हळूहळू निघावा म्हणून वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. आधीच वायू मुरलेल्या माणसाला पुन्हा खोल नेऊन वर आणलं, तर सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यासारखा रक्तात फेस होतो. अकरा वर्षं हे मी पाहुण्यांना पाठ म्हणून दाखवते.

त्या दिवशी नवख्यांच्या तीन तुकड्या झाल्या, बारा-बारा मीटरच्या. तिन्ही दिरानेच नेल्या. चौथी तुकडी सराईत पाहुण्यांची होती, त्यांना चौतीस मीटरवरचं बुडालेलं जहाज बघायचं होतं. दुसरा मार्गदर्शक आला नव्हता. मालक म्हणाले, "तुमच्या भाऊजींना पाठवा, त्यांना काय, पाण्यातच जन्मलेत." खोली आणि वेळ मोजणारं दिराच्या मनगटावरचं यंत्र एका पाहुण्याला दिलं, कारण त्याचं बंद पडलं होतं.

मी पाटीवर लिहिलं, 'चौतीस मीटर, पहिली बुडी.' पाहुण्यांची पहिलीच होती. नियम तंतोतंत पाळला होता. पाहुण्यांचं नाव, वय, वजन, रात्री दारू घेतली का, सगळं पाटीवर असतं. त्यांना नेणाऱ्याचा रकाना नसतो. कोपऱ्यात एक गोल काढायचा, झालं. गाढवाच्या खेपा कोण मोजतो?

पट्टा आवळताना तो म्हणाला होता, "वहिनी, माझी आज चौथी हं."

"मग काय, हार घालू?" मी म्हणाले.

"परत आलो की घाल."

हसला आणि पाठ करून पाण्यात पडला. परत आला तेव्हा म्हणाला, पायांना मुंग्या आल्यात. तासाभरात उभं राहता येईना.

मालकांचा कागद मी पिशवीत घातला आणि दवाखान्यात गेले. रक्तातला फेस विरावा म्हणून त्याला पाच वेळा दाबाच्या बंद खोलीत ठेवून झालं होतं. डॉक्टर आता 'बघू' म्हणत होते.

"मी थांबलो होतो, वहिनी. दोरी धरून. तीनाच्या जागी पाच मिनिटं. पाहुणे कंटाळले, एकाने तर घड्याळ दाखवलं मला."

"माहीत आहे, भाऊजी."

"मग काय लिहिलंय त्यात?"

"घाई केलीत, असं."

तो छताकडे बघत म्हणाला, "पाय गेले ते गेले. पण घाईत आलो, एवढं नको गं लिहू देऊस. नवख्याची चूक आहे ती."

दुसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब मालकांच्या दुकानात आले. मी टेबलावर पाटी ठेवली. नवीन लिहिलेली. चार ओळी, चारींपुढे दिराचं नाव. बारा, बारा, बारा, चौतीस.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"त्यांचा त्या दिवसाचा क्रम. उलटा आहे. असा माणूस चौतीसवर पाठवायचा नसतो. पाच मिनिटं थांबूनही भागत नाही."

"पाठवला कोणी?"

"पाठवा म्हणाले हे मालक. लिहिलं मी. चौथी आहे असं त्यांनी मला सांगितलंही होतं."

मालक घाईने म्हणाले, "वहिनी, तुम्हीच अडकाल यात."

"हो."

"घरच्याच माणसाला तुम्ही पाठवलंत, असं होईल…"

"हो म्हटलं ना."

साहेबांनी मला तेच शब्द कागदावर लिहायला सांगितले. लिहिले. खाली सही केली. मालकांनी पाटीच्या कपाटाची किल्ली मागून घेतली. तीही दिली.

संध्याकाळी दवाखान्यात त्याने नजरेनेच विचारलं.

"लिहिलं," मी म्हणाले. "तीनदा बारा, मग चौतीस. आणि वर येताना पाच मिनिटं थांबा."

"पाच लिहिलंस ना? तीन नाही?"

"पाच."

"मग ठीक." पुढे म्हणाला, "म्हणजे अकरा वर्षांत एकदाचा पाटीवर आलो. हार राहिला बघ तुझा."

चादरीबाहेर आलेलं त्याचं पाऊल गार पडलं होतं. मी ते दोन्ही हातांत धरून बसले. तो खिडकीकडे बघत बोलत राहिला, पाण्याबद्दलच काहीतरी. मी पाऊल धरलंय हे त्याला माहीत नव्हतं.