रेमेईमावशीला माफी

आम्ही वालेन्सियाचे लोक वर्षभर खपून कागद-लाकडाचे पुतळे करतो आणि मार्चच्या एकोणीस तारखेला भर चौकात जाळतो. पुतळ्यांतून कुणाची तरी टर उडालीच पाहिजे, नाहीतर मंडळाची अब्रू जाते. आमच्या रुसाफा मोहल्ल्याच्या मंडळासाठी पुतळे करणारा मी, बातिस्त.

यंदाचा विषय होता आपल्या स्पेनमधली शहरं. माद्रिद मी असं केलं : एका राजाच्या मनात आलं म्हणून राजधानी झालेलं खेडं, समुद्र शंभर कोस लांब, पण बंदरातली ताजी मासळी आधी त्याच्याच ताटात. सेव्हिया म्हणजे पंखा हलवणारी बाई. अमेरिकेचं सोनं तिच्या दारावरून गेलं, नदी गाळाने भरली, बंदराचा धंदा समुद्रकाठच्या काडिझने पळवला, तरी सुंभ जळला पण पीळ गेला नाही. बार्सेलोनाच्या एका हातात पर्यटकांवर उडवायची पिचकारी, दुसऱ्या हातात त्यांनाच द्यायच्या खोलीची चावी. बिल्बाओचा माणूस आपण कुठे जन्मायचं तेही स्वतःच ठरवतो अशी बढाई मारतो, म्हणून त्याला सगळ्यांत उंच केला.

उरलं आमचं वालेन्सिया. तिथे मी रेमेईमावशीला उभी केली. निळा एप्रन, हातात वेताची खुर्ची, आणि मागून तिला दाराबाहेर ढकलणारा आमच्या मंडळाचा अध्यक्ष ओनोरात. यात मी काहीच रचलं नव्हतं. सत्तेचाळीस वर्षं मावशी त्याच्या घरात भाड्याने राहिली. आता करार संपला म्हणून वीस मार्चला घर रिकामं करायचं होतं. घर पर्यटकांना द्यायचं होतं आणि मावशीला झारागोझाला, लेकाच्या बाहेरच्या खोलीत जायचं होतं.

मला वाटलं होतं, स्वतःला असं बघून ओनोरात शरमेल. इथेच मी चुकलो. आमच्या गावात पुतळा झाला म्हणजे माणूस मोठा झाला!

"बातिस्त, गड्या, नाक थोडं जास्त झालंय," तो पुतळ्याभोवती फिरत म्हणाला. "पण पोट झकास जमलंय हां! बायकोला फोटो पाठवतो."

"अध्यक्ष, तुम्ही म्हातारीला ढकलताय त्यात."

"हो ना, हात किती जिवंत आलेत!"

पालथ्या घड्यावर पाणी.

दरवर्षी मोहल्ला मतं टाकून एका पुतळ्याला आगीतून माफी देतो. यंदा दोनशे साठ मतांपैकी दोनशे बारा रेमेईमावशीच्या पुतळ्याला पडली. बायका डोळे पुसत होत्या. हिवाळ्यात मावशीला घरात राहू द्या, असा अर्ज फिरला होता तेव्हा त्याच मोहल्ल्यात अकरा सह्या मिळाल्या होत्या. मी रंगकामात अडकलो होतो, म्हणून माझीही नव्हती.

ओनोरातने माइक धरला. "वालेन्सियाचा आत्मा जळता कामा नये! या माउलीचा पुतळा मी तिच्याच घरात, दाराशी उभा करीन. पाहुण्यांना कळू दे, इथे कोण राहत होतं!"

टाळ्या कडाडल्या. मावशी मात्र मागच्या रांगेत उभी होती, तिने कोटाच्या खिशातून हात काढले नाहीत.

एकोणीसच्या रात्री चौकात पुतळे रचले होते, फटाक्यांची माळ लावली होती, बंबवाले पाइप धरून उभे होते. माफी मिळालेला पुतळा बाजूला टेबलावर, गळ्यात फीत घालून. मावशी माझ्याजवळ आली.

"बातिस्त, ही मीच ना रे?"

"तुम्हीच, मावशी."

"मग उचल मला. माझ्या गुडघ्यांना झेपायची नाही."

मी उचलली. आतून पोकळच होती ती. ओनोरात धावत आला. "अरे थांब, थांब! मतदान झालंय! लोकांचा निर्णय आहे!"

"त्या घरात मी राहायचं नाही, तर हिनेही राहायचं नाही," मावशी म्हणाली. "टाक रे."

मी माद्रिदच्या पायाशी तिला आडवी केली आणि मागे सरलो. माळ पेटली. आधी एप्रन गेला, मग खुर्ची.

आणि ओनोरात रडायला लागला. खोटं नाही, खरंच रडला, नाकाडोळ्यांतून पाणी. "सत्तेचाळीस वर्षं! सत्तेचाळीस वर्षं आमच्यात होती बिचारी!" लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. खरीखुरी मावशी हातभरावर उभी होती, तिच्या पाठीवर कुणाचाच हात नव्हता. मला त्या सगळ्यांचा आणि माझाही संताप आला.

मावशीने खिशातून किल्ल्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या. "सकाळची खेप वाचली तुमची."

त्याने डोळे पुसले, जाळाच्या उजेडात किल्ल्या उलटसुलट करून पाहिल्या, आणि हुंदका आवरत विचारलं, "आणि गच्चीची?"